वाद्यवृंदाच्या रचनेवर अभिप्राय दिला, तरी दुसरी आवृत्ती तशीच येते

समस्या

ओळखीतल्या कुणीतरी पहिल्यांदाच पूर्ण वाद्यवृंदासाठी काही लिहिलेलं असतं. पाच-सहा मिनिटांची फाइल येते, सोबत ‘अगदी मोकळेपणाने सांगा’ असा निरोप. ऐकताना जाणवतं की सुरावट चांगली आहे, पण दुसऱ्या मिनिटापासून सगळं एकमेकांत मिसळतं आणि शेवटचा जोरकस भाग जोरकस वाटतच नाही. आपण लिहितो, ‘छान झालंय! स्ट्रिंग्ज जरा खोट्या वाटतात, मिक्सिंगकडे एकदा बघा.’ संगीतकार हे मनावर घेतो, नवी सॅम्पल लायब्ररी (खऱ्या वाद्यांच्या रेकॉर्ड केलेल्या स्वरांचा संग्रह) विकत घेतो, रिव्हर्ब म्हणजे घुमारा बदलतो आणि महिन्याभराने दुसरी आवृत्ती पाठवतो. ती पहिल्यासारखीच वाजते. मग पुन्हा तोच अभिप्राय आणि पुन्हा तोच खर्च.

असं का होतं

सोसायटीत ओल तिसऱ्या मजल्यावर दिसते आणि नळ फुटलेला असतो पाचव्या मजल्यावर, त्यातलाच हा प्रकार. अशा फाइलमध्ये तीन कामं एकावर एक चढवलेली असतात. मूळ रचना, म्हणजे सुरावट, हार्मनी आणि बांधणी. तिच्यावर वाद्ययोजना, म्हणजे कोणता स्वर कोणत्या वाद्याला, कोणत्या सप्तकात आणि किती जोरात. सगळ्यात वर ध्वनी, म्हणजे सॅम्पल्स किंवा खऱ्या वादकांचं रेकॉर्डिंग आणि त्याचं मिक्सिंग. आपल्या कानावर थेट पडतो तो ध्वनी, म्हणून तक्रारही ध्वनीचीच होते. माझ्या मते हौशी रचनांबद्दल ‘मिक्सिंग’ या नावाखाली सांगितलेल्या तक्रारींपैकी बहुतेक वाद्ययोजनेच्या असतात. तिथे लिमिटर (आवाजाची वरची टोकं दाबणारं साधन) लावून काही सुटत नाही.

ऐकण्याआधी काय मागायचं

ऑडिओसोबत स्कोअरची, म्हणजे सगळ्या वाद्यांच्या लिखित स्वरलिपीची, पीडीएफ मागा आणि जमल्यास पियानोवर बसवलेली आवृत्ती. ‘स्कोअर नाही, सगळं कीबोर्डवर वाजवून रेकॉर्ड केलंय’ असं उत्तर आलं, तर तेही निदानाला उपयोगी पडतं. त्याकडे पुढे येतोच.

मग एकच प्रश्न विचारा: ही रचना शेवटी कुठे वाजणार? मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्राचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ पासून आहे, पण आपल्याकडच्या हौशी माणसाची रचना बहुतेक वेळा कॉम्प्युटरमध्ये जन्मते आणि तिथेच राहते. त्यात कमीपणा काही नाही. मात्र या उत्तरावर चूक कशाला म्हणायचं हे ठरतं. चार हॉर्न आणि तीन ट्रॉम्बोन जोरात वाजत असताना खालच्या सप्तकातली फ्ल्यूट ऐकू येणं कॉम्प्युटरमध्ये शक्य आहे, फेडर, म्हणजे आवाजाची सरकपट्टी, वर केला की झालं. सभागृहात ती फ्ल्यूट वाजवणाऱ्याला सोडून कुणालाही ऐकू येणार नाही. फाइल लघुपटासाठी असेल तर ही तक्रार गैरलागू. उद्या एखादा वाद्यवृंद ती वाजवून बघणार असेल, तर पहिली तक्रार हीच.

पहिली चाचणी: पियानो

गोंधळाचा भाग पियानोवर, नाहीतर साध्या पियानोच्या पॅचवर (कॉम्प्युटरमधल्या तयार आवाजावर) वाजवून ऐका. तिथेही तो कंटाळवाणा किंवा गोंधळलेला वाटला तर दुखणं रचनेत आहे. पियानोवर स्वच्छ आणि वाद्यवृंदात गढूळ असेल तर वाद्ययोजना तपासा. स्कोअरवर सगळं जागच्या जागी दिसतंय आणि तरीही ऐकायला वाईट, असं असेल तेव्हाच ध्वनीकडे वळा. हा क्रम उलटा करू नका. लोक तो उलटा करतात, कारण मिक्सिंगबद्दल बोललं की कुणाला लागत नाही आणि सुरावटीबद्दल बोललं की लागतं.

लक्षण: खालचा भाग गढूळ, घुमतोय

हे सगळ्यात जास्त आढळतं आणि याचं मूळ बहुतेक वेळा कीबोर्डवरच्या डाव्या हातात असतं. आपल्याकडचे बरेच जण हार्मोनियम किंवा कीबोर्डवरून इकडे येतात. डाव्या हातात सा-ग-प असा तीन बोटांचा कॉर्ड धरायची सवय असते आणि तो कॉर्ड जसाच्या तसा चेलो आणि डबल बासला दिला जातो.

हे आकड्यांत बघा. मधल्या सी-ची कंपनसंख्या साधारण २६२ आणि त्याच्या वरच्या ई-ची ३३०. फरक ६८ हर्ट्‌झचा, कान दोन्ही स्वर वेगळे ऐकतो. हीच जोडी दोन सप्तकं खाली आणली की ६५ आणि ८२. फरक उरतो १७ हर्ट्‌झ. इतके जवळचे आणि इतके खालचे स्वर कानाला नीट वेगळे करता येत नाहीत, त्यांची घरघर ऐकू येते. वर पंचम मिळाला की घरघर दाट होते. लायब्ररी कितीही महागडी घ्या, हे गणित बदलत नाही.

गंमत म्हणजे तानपुऱ्याचा सा-प त्याच जागी सुखाने चालतो, कारण पंचमातले स्वर लांब असतात आणि त्यांचे वरचे स्वरांश एकमेकांशी जुळतात. घोटाळा होतो तो गंधार खाली नेल्यावर. म्हणून ‘बास कमी करा’ असं लिहू नका. ‘बार १७ पासून चेलोतला गंधार काढून विओलाला द्या, खाली फक्त सा आणि प ठेवा, मग ऐका’ असं लिहा (बार म्हणजे स्वरलिपीतलं एक आवर्तन). बास कमी केला तर घरघर हळू आवाजात ऐकू येईल, इतकंच.

एवढं करूनही घुमणं राहिलं तर रिव्हर्ब बघा. बऱ्याच लायब्ररी मोठ्या स्टुडिओत किंवा सभागृहात रेकॉर्ड केलेल्या असतात, म्हणजे खोलीचा घुमारा आधीच आत असतो. त्यावर दोन-अडीच सेकंदांचा आणखी एक हॉल चढवला की दोन खोल्या एकात एक बसतात. नामांकित सिम्फनी सभागृहांचा घुमारा भरल्या प्रेक्षागृहात साधारण दोन सेकंदांचा असतो. संगीतकाराला सगळे रिव्हर्ब बंद करून एक फाइल पाठवायला सांगा, मग यावर अंदाजाने बोलावं लागणार नाही.

लक्षण: स्ट्रिंग्ज खोट्या वाटतात

स्ट्रिंग्ज म्हणजे व्हायोलिन, चेलो यांसारखी तारांची वाद्यं. त्या खोट्या वाटण्यामागे चार-पाच वेगळी कारणं असू शकतात आणि ‘खोट्या’ या शब्दातून त्यातलं एकही कळत नाही.

पहिलं म्हणजे मॉड व्हीलला हातच लावलेला नसतो. बहुतेक लायब्ररींमध्ये लांब स्वरांचा जोर कीच्या दाबावर ठरत नाही, मॉड व्हीलवर, म्हणजे कीबोर्डच्या कडेच्या चाकावर (सॉफ्टवेअरमध्ये सीसी १), ठरतो. तो एका जागी सोडला की चार बारांचा स्वर सरळ रेषेत पडून राहतो. वादकाचा बो, म्हणजे गज, असा कधीच चालत नाही.

दुसरं कारण, एकाच पॅचवर वाजवलेले कॉर्ड. पॅच १६ व्हायोलिनांचा असेल आणि त्यावर चार स्वरांचा कॉर्ड धरला तर ६४ व्हायोलिनं वाजतात. खऱ्या वाद्यवृंदात ती १६ जणं चार गटांत वाटली जातात आणि आवाज पातळ होतो. स्कोअर न लिहिता थेट कीबोर्डवर वाजवलेल्या रचनांत हे हमखास सापडतं.

लेगाटो (स्वर जोडून वाजवणारा) पॅच उशिरा बोलतो, हे तिसरं. एका स्वरावरून दुसऱ्यावर जायला काही लायब्ररी सेकंदाच्या दहाव्या भागाहून जास्त वेळ घेतात. सगळे स्वर सॉफ्टवेअरमधल्या तालाच्या रेघांवर (ग्रिडवर) अचूक बसवले तरी व्हायोलिनं तबल्याच्या मागे पडल्यासारखी वाटतात. तो ट्रॅक तेवढा आधी सुरू करून, म्हणजे उणे डिले देऊन बघायला सांगा.

मींड मात्र सविस्तर बोलण्यासारखी आहे. प्रभाकर जोगांचं ‘गाणारं’ व्हायोलिन ऐकत वाढलेल्या मराठी कानाला व्हायोलिन म्हटलं की गाणंच ऐकू येतं. पण ते एक व्हायोलिन होतं, मायक्रोफोनच्या समोर, एका माणसाच्या हातात. तीच जागा १४ जणांना दिली की प्रत्येकाची मींड वेगळ्या क्षणी सुटते, वेगळ्या वेगाने चढते आणि ऐकू येतो तो एक धूसर चढ. सॅम्पलमध्ये पिच बेंडने केलं तर त्याहून वाईट, कारण व्हायोलिनच्या पेटीचा स्वतःचा नाद स्वराबरोबर वरखाली सरकत नाही आणि बेंडमध्ये तोही सरकतो. अशा ठिकाणी ‘मींड नको’ असं सांगणारे मला पटत नाहीत. मींड एकट्या व्हायोलिनला द्यावी, खाली बाकीच्यांनी स्थिर स्वर धरावेत, आणि त्या एका ओळीसाठी खरा वादक गाठावा. एक खरं व्हायोलिन वर असलं की खालची सॅम्पल्सही बरीच खरी वाटू लागतात.

लक्षण: सगळे सतत वाजताहेत

स्कोअर लांबून बघा. पानावर कोरी जागा नसेल तर निदान झालं. सुरावट पहिल्या व्हायोलिनला, दुसऱ्या व्हायोलिनला, फ्ल्यूटला, ओबोला आणि वर ट्रंपेटलाही. नवख्या संगीतकाराला वाटतं, एवढी वाद्यं आहेत तर वापरायला हवीत.

इथे उपदेशापेक्षा उदाहरण उपयोगी पडतं आणि ते घरातच आहे. हिंदी चित्रपटसंगीतात गोव्याच्या सेबॅस्टियन डिसोझांनी शंकर-जयकिशनसाठी जी अरेंजिंग केली, त्यात व्हायोलिनं गायकाच्या सुरावटीवर चढून बसत नाहीत. सुरावट थांबते तिथे ती चालू लागतात, मागून स्वतःची वेगळी ओळ घेऊन येतात. गोव्यातल्याच माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसांनी तर १९५८ साली मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात शंभरावर वादक जमवून रागांवर आधारलेल्या वाद्यवृंद रचना सादर केल्या. रागसंगीत आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांची सांगड घालण्याचा प्रश्न आपल्या संगीतकाराला पहिल्यांदाच पडलेला नाही, हे त्याला कळलं तर धीर येतो.

जोराचं गणित रशियन संगीतकार रिम्स्की-कोर्साकोवने घालून दिलेलं आहे आणि ढोबळमानाने अजून चालतं: जोरात वाजताना एक ट्रंपेट किंवा एक ट्रॉम्बोन म्हणजे दोन हॉर्न, आणि एक हॉर्न म्हणजे दोन वुडविंड (फ्ल्यूट, ओबो, क्लॅरिनेट यांसारखी वाद्यं). म्हणजे एका ट्रंपेटला तोलायला चार क्लॅरिनेट. सॅम्पलमध्ये प्रत्येक वाद्य सोयीच्या आवाजात रेकॉर्ड होऊन येतं, म्हणून हा असमतोल दिसतच नाही. शेवटचा भाग जोरकस वाटत नाही याचंही कारण बहुधा हेच: आधीचे तीन मिनिट सगळे वाजतच होते, आता वाढवायला उरलंय काय? त्या भागाच्या आधीचे आठ बार निम्मी वाद्यं म्यूट करून ऐकायला सांगा.

लक्षण: वादक म्हणतात ‘बसत नाही’

हे प्रत्यक्ष वाजवून घेतलेल्या रचनांसाठी. पहिल्यांदा सा कुठे धरलाय ते बघा. गाण्याच्या सवयीने तो काळी एकवर (सी शार्प किंवा डी फ्लॅट, दोन्ही एकच) असतो. भूप राग काळी एकमध्ये लिहिला तर व्हायोलिन, विओला, चेलो, डबल बास यांपैकी कुणाचीही एकही उघडी तार रागात बसत नाही. सी, जी, डी, ए, ई, सगळ्या बाहेर. वर पानभर पाच फ्लॅट, किंवा सॉफ्टवेअरने सी शार्प धरला असेल तर सात शार्प. तोच भूप अर्धा स्वर वर, पांढरी दोनमध्ये नेला की व्हायोलिनच्या चारपैकी तीन तारा मोकळ्या मिळतात: डी म्हणजे सा, ए म्हणजे प, ई म्हणजे रे. वाद्य आपोआप बोलू लागतं आणि हौशी वादकांचा सूरही सुधारतो. काही संगीतकार बंद तारांचा झाकलेला रंग मुद्दाम मागतात, म्हणून ‘पट्टी चुकली’ असं न लिहिता ‘काळी एक मुद्दाम घेतलीत का?’ असं विचारा. उत्तर ‘गायला बरं पडतं म्हणून’ असं आलं, की पट्टी बदलायला सुचवा.

श्वासाचा हिशोब सेकंदांत करा. ६० च्या लयीत चार मात्रांचा बार चार सेकंदांचा होतो. फ्ल्यूटला आठ बारांचा अखंड जोरकस स्वर दिला असेल तर ते ३२ सेकंद झाले. माणूस तेवढा पुरत नाही. दोन फ्ल्यूट आळीपाळीने धरू शकतात, पण ते स्कोअरमध्ये लिहावं लागतं.

भूपात निषाद नसतो, मग हार्मनीत तो आला म्हणून भूप बिघडला का, असा वाद निघाला तर त्यात पडू नका. पंचमावरच्या कॉर्डला निषाद लागतोच. संगीतकाराला तो चालतो का, हा त्याचा निर्णय. तो निषाद नकळत आलाय की जाणूनबुजून, एवढं विचारलं की पुरे.

लक्षण: रेकॉर्डिंगच वाईट आहे

फोनवर केलेलं रेकॉर्डिंग असेल तर जोराच्या चढउताराबद्दल काहीही म्हणू नका. फोन स्वतःच हळू भाग वर ओढतो आणि जोरातला खाली दाबतो. त्या फाइलवरून ‘क्रेसेंडो (हळूहळू वाढणारा जोर) जमला नाही’ असं लिहिणं संगीतकारावर अन्याय आहे. वादकांच्या चुका आणि रचनेच्या चुकाही वेगळ्या ठेवा: दुसरा हॉर्न घसरला तर तो घसरला, पण तीनही वेळा त्याच बारमध्ये घसरला असेल तर तिथे काय लिहिलंय ते बघा.

पुढच्या वेळेसाठी साधं सांगणं पुरतं. दोन कार्डिऑइड (मुख्यतः समोरचं पकडणारे) माइक, मधे १७ सेंटिमीटर, कोन ११० अंश, कंडक्टरच्या मागे आणि डोक्याच्या बऱ्याच वर. पंखे बंद. आपल्याकडच्या सभागृहांत पंख्यांची घरघर चेलोच्या जागेतच येऊन बसते आणि नंतर काढायला गेलं तर चेलोही जातो.

सॅम्पलवाल्या फाइलमध्ये मात्र लिमिटर तपासा. वेव्हफॉर्म पहिल्यापासून शेवटपर्यंत एका जाडीची विटेसारखी दिसत असेल, तर संगीतकाराने ती सिनेमाच्या ट्रेलरइतकी मोठी करायचा प्रयत्न केलाय. स्ट्रीमिंगवर ती तशीही सुमारे उणे १४ एलयूएफएसपर्यंत (हे आवाजाच्या सरासरी पातळीचं माप) खाली आणली जाते. फायदा काही नाही, चढउतार मात्र गेला.

अभिप्राय लिहिताना

तीनच मुद्दे. सतरा सापडले तरी तीन, आणि त्यात रचनेचा मुद्दा असेल तर तो पहिला. प्रत्येक मुद्द्याला वेळ आणि बार क्रमांक हवा. काय ऐकू आलं ते आधी, कारण नंतर, उपाय शेवटी, आणि तोही एकाहून जास्त. साधारण असा:

‘१:५२ ते २:२०, बार ३३ ते ४०. स्कोअरमध्ये सुरावट फ्ल्यूटला आहे, पण मला पुढे हॉर्न ऐकू आले. पियानोवर हा भाग स्वच्छ वाजला, म्हणजे रचनेत अडचण नाही. फ्ल्यूट मधल्या सी-पासून जी-पर्यंत फिरतेय, तिथे तिचा आवाज नाजूकच असतो. फ्ल्यूटच हवी असेल तर ओळ एक सप्तक वर नेता येईल. खालचा रंगच हवा असेल तर हॉर्न आठ बार थांबू शकतील. तुमच्या मनात यातलं काय होतं?’

चांगलं वाटलेलंही याच बारकाईने लिहा. ‘छान’ हा शब्द संगीतकाराच्या काही कामाचा नाही. ‘बार ५८ ला बासून एकटा उरतो, ते थांबणं फार आवडलं’ हे वाचून त्याला कळतं की दुसऱ्या आवृत्तीत तिथे हात लावायचा नाही. नाहीतर सुधारणांच्या भरात नेमकी तीच जागा भरून टाकली जाते. ‘अमुक सिनेमासारखं वाटतं’ हे कौतुक म्हणूनही टाळा. ऐकणाऱ्याला ते सांगावंसं वाटतं, पण संगीतकाराला त्यातून करण्यासारखं काही मिळत नाही.

दुसरी आवृत्ती आल्यावर

दोन्ही फाइलींचा आवाज सारखा करा, मगच तुलना करा. थोडी मोठी फाइल नेहमीच चांगली वाटते. मग पूर्ण रचना न ऐकता आधी फक्त तेच तीन भाग ऐका. लक्षण गेलं असेल तर पुढचे तीन मुद्दे घ्या. लक्षण तसंच असेल आणि स्कोअरमध्ये बदल झालेला दिसत असेल, तर तुमचं निदान पुन्हा तपासा आणि पियानोपासून सुरुवात करा. स्कोअर जसाच्या तसा आणि फक्त प्लगइन बदललेले दिसले, तर आणखी एक लांबलचक मेसेज लिहू नका. गावातला एखादा व्हायोलिनवादक किंवा चेलोवादक गाठून द्या, त्याच्यासमोर ते आठ बार कागदावर ठेवा आणि संगीतकाराला शेजारी बसू द्या. बो कुठे बदलायचा, हे वादक पहिल्या मिनिटात विचारेल.